शनिवारची अकरा-चाळीस

शनिवार, ता. ६

आज मी विनातिकीट प्रवास केला. शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात एकोणतीस वर्षं नोकरी करणाऱ्या माणसाने हे लिहिणं बरं नाही, पण झालं ते झालं.

सासूबाईंचा गुरुवारी फोन आला होता. स्वयंपाकघरातला दिवा लागत नाही, स्टुलावर चढायची हिंमत होत नाही. त्या टेकडीवरच्या वसाहतीत एकट्या राहतात. ही होती तोवर दर शनिवारी आईकडे जायची. हिला जाऊन पाच महिने झाले. तेवढ्या काळात मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा टॅक्सीने, आणि दोन्ही वेळा तासाभरात परतलो. काय बोलावं हे त्यांनाही सुचत नव्हतं आणि मलाही.

हवा तीन आठवडे अशीच आहे. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती भुरभुर. दुपारी बारालाही घरात दिवा लावावा लागतो. आज टॅक्सी मिळेना, म्हणून नऊ नंबरची अकरा-चाळीसची बस धरली. माझं घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर, त्यामुळे बसमध्ये बसायची वेळ मला क्वचित येते. माझ्याकडे खात्याचा पास आहे, पण तो कामासाठी. खाजगी कामाला मी तिकीट काढतो.

आज काढता आलं नाही. मी पुढच्या दाराने चढलो, कंडक्टर मागच्या दाराशी, आणि मध्ये माणसंच माणसं. काचा बंद, सगळ्यांचे कोट ओले.

"पुढे सरका, पुढे जागा आहे!" कंडक्टर ओरडला.

"पुढे ड्रायव्हर आहे!" कोणीतरी म्हणालं.

माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमची छत्री माझ्या बुटात गळतेय." मी माफी मागितली. त्यांच्या पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "तुम्हाला तुमचा बूट दिसतोय हेच नशीब समजा."

पुलाच्या स्टॉपवर बस थांबलीच नाही. पंधरा-वीस माणसं हात करत उभी होती. शेवटच्या स्टॉपला उतरून कंडक्टरला गाठेपर्यंत बस वळून निघूनही गेली.

सासूबाईंचा दिवा बिघडलाच नव्हता. बल्ब ढिला होता, दोन पिळे दिले आणि लागला. बल्ब आपोआप कसा ढिला होतो कळत नाही. त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. चार वाजता निघालो.

सोमवार, ता. ८

ऑफिसला गेल्या गेल्या तिकीट मशीनचे आकडे काढून बघितले. नऊ नंबर, शनिवार, अकरा-चाळीसची फेरी, एकूण तिकिटं एकवीस.

माझ्या आजूबाजूलाच एकवीस माणसं होती. त्यातली तीन माझ्या पायावर उभी होती.

नवीन वेळापत्रक येत्या एक तारखेपासून लागू होतंय. मसुद्यात माझीच टीप आहे: "नऊ क्रमांक, शनिवार-रविवार, ११.४०ची फेरी, सरासरी तिकिटे तेवीस. रद्द करण्यास हरकत नाही." ती रद्द झाली तर त्यानंतरची थेट एक-दहाला.

कोरड्या शनिवारचे आकडे बघितले तर अठ्ठेचाळीस, पन्नास. भुरभुर असली की वीस-बावीस, आणि या मोसमात कोरडे शनिवार मोजकेच. यावरून अकरा वर्षांपूर्वी मी एक वाक्य लिहून ठेवलं होतं. नवीन माणूस विभागात आला की त्याला ते वाचायला देतात: "ढगाळ हवेत शनिवार-रविवारी नागरिक घराबाहेर पडणे टाळतात." तेव्हाच्या साहेबांनी त्या वाक्यासाठी माझी पाठ थोपटली होती.

आज दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

गुरुवार, ता. ११

सासूबाईंचा फोन. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. शनिवारी येतो म्हणालो.

शनिवार, ता. १३

आज मुद्दाम मागच्या दाराने चढलो आणि कंडक्टरला चिकटून उभा राहिलो. दोन तिकिटं मागितली.

"दुसरं कोणाचं?"

"माझंच. गेल्या शनिवारचं."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "काका, तब्येत बरी आहे ना?"

मी खरं काय ते सांगितलं. तो हसला. म्हणाला, "असे भले लोक असतात हो. पण सगळेच कसे परत येणार? मशीन माझ्या गळ्यात, मी इथे अडकलेला. कोरड्या हवेत निम्मे लोक पायी नाहीतर सायकलवर जातात, मला फिरता येतं, सगळ्यांची तिकिटं फाटतात. अशा हवेत सगळं शहर बसमध्ये. मी हात वर करू शकत नाही, तिकीट कुठलं फाडतोय? तुम्ही आहात म्हणून सांगतो, वरती ऑफिसात कोणीतरी शहाणा बसलाय. तो म्हणतो, पावसाळी हवेत लोक घरात बसतात!"

"असं म्हणतो?"

"लिहून ठेवलंय म्हणे त्याने. एकदा आणा म्हणावं त्याला इथे."

तो मीच, हे सांगायचं टाळलं. हा भित्रेपणा झाला, पण त्या गर्दीत ओळख देऊन मी कुठे जाणार होतो? दार उघडायलाही जागा नव्हती.

घड्याळात सेल उलटा बसवलेला होता. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं हो." त्या एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, पण शब्दकोडं पेनाने सोडवतात.

जेवताना मी बसचा विषय काढला. हिने मला दोन-तीनदा सांगितलं होतं की शनिवारी फार गर्दी असते. मी दर वेळी सांगायचो, "आकडे तसं म्हणत नाहीत." मग ती कोट वाळत घालायची आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो. अकरा वर्षं ती माझ्या वाक्यात उभी राहून आईकडे गेली. मी सासूबाईंना विचारलं, "माझ्याबद्दल तक्रार करायची का?"

"तक्रार?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "नक्कल करायची तुमची! दारातून आत यायची, केसांतून पाणी गळतंय, आणि चष्मा नाकावर घेऊन म्हणायची, आई, आकडे तसं म्हणत नाहीत! मी इतकी हसायचे की शेजारीण भिंत ठोकायची."

"मला कधी दाखवली नाही तिने."

"तुम्हाला कशी दाखवणार? तुम्ही लागलीच दुरुस्त करत बसला असता. आकडे नाही, सरासरी म्हण, म्हणून."

म्हटलं असतं खरं. आम्ही दोघंही बराच वेळ हसत होतो. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ बराच वेळ चालू होता. मी टेबल पुसून घेतलं.

मंगळवार, ता. १६

कपाटातल्या जुन्या फाइली काढल्या. माझं ते वाक्य दाखला म्हणून देऊन आजवर चौदा फेऱ्या कमी केल्या गेल्यात. त्यातल्या नऊ टिपणांवर माझी सही. अक्षर वळणदार आहे.

काय करावं? निवृत्तीला दोन वर्षं उरली. टीप मागे घेतली तर का घेतली हे सांगावं लागेल आणि ते सांगितलं की चौदाही बाहेर येतील. गप्प राहिलो तर कोणालाच कळणार नाही. ज्यांना त्रास होतो ते दोष हवेला देतात.

आज घरी येताना पुलाकडे वळलो. पाऊण तास पुलाच्या स्टॉपवर उगाच उभा राहिलो. इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला असलेल्या एक बाई भेटल्या. शनिवारी बारा-पाचला त्या इथूनच बस धरतात, आठवड्यातला तो एक अर्धा दिवस त्यांना लेकीकडे जायला मिळतो. "थांबली बस तर चढते, नाही थांबली तर दीड तास उभी. इतका वेळ उभं राहून गेलं की लेक विचारते, आई, आलीस कशाला, निघायचीच वेळ झाली." हे त्या अगदी सहज सांगत होत्या.

टीप मागे घ्यायची. पण नुसता माझा शब्द चालणार नाही. मोजलं पाहिजे.

बुधवार, ता. १७

सासूबाईंना फोन केला. त्यांच्या खिडकीतून शेवटचा स्टॉप सरळ दिसतो. शनिवारी अकरा-चाळीसच्या बसमधून किती माणसं उतरतात ते मोजाल का, विचारलं.

"मोजायचीच आहेत? मला वाटलं काहीतरी अवघड सांगताय."

मी म्हटलं, छत्र्या उघडल्या की वरून डोकी दिसणार नाहीत. त्या म्हणाल्या, "जावईबुवा, मी चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरं मोजली आहेत, आणि ती पळत असायची."

शनिवार, ता. २०

सकाळपासून भुरभुर. देवाची कृपा म्हणायची. हवा कोरडी पडेल या भीतीने रात्रभर नीट झोप नव्हती. एकोणतीस वर्षांत वाईट हवेची मी पहिल्यांदाच वाट बघितली.

मी पुलाच्या स्टॉपवर. बस बारा वाजून सात मिनिटांनी आली, थांबली, सहा माणसं कशीबशी आत गेली, सतरा खाली राहिली. धुलाईखान्यातल्या बाई आत गेल्या. दारातून त्यांची पिशवी बाहेर लोंबत होती. मी एक-दहाची फेरी घेऊन टेकडीवर पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते.

"जेवण गार झालं," सासूबाई म्हणाल्या, "आणि माणसं चौसष्ट."

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून रकाने आखले होते. छत्री घेतलेले. बिनछत्रीचे. एका छत्रीत दोघं. एका रकान्यावर लिहिलं होतं "कडेवरचं".

"कडेवरचं एक मूल आहे. ते धरायचं का?"

"पाच वर्षांखालच्यांना तिकीट नसतं. धरत नाहीत."

"मग त्रेसष्ट. पण जागा त्यानेही अडवली होती हो. रडतही होतं."

ते पान मी घडी न घालता वहीत ठेवलं. मग रेडिओ बघितला, कारण तो बोलत नव्हता. वायर प्लगमधून निघाली होती. मी म्हटलं, आई, तुमच्याकडे दर आठवड्याला काहीतरी निघतंच. त्या म्हणाल्या, "जुनं घर आहे." घर बारा वर्षांपूर्वीच बांधलेलं आहे. पण वयस्कर माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

संध्याकाळी चहा घेताना खिडकीपाशी बसलो होतो. काही बोलत नव्हतो, पण ते अवघड वाटलं नाही. खालून बस आली की दोघांचेही ओठ हलत होते. मोजायची सवय लागली.

रविवार, ता. २१

पुन्हा पूल. खाली राहिले बारा. पावणेएकला सासूबाईंचा फोन: "अठ्ठावन्न. कडेवरचं आज नव्हतं. सर्दी झाली असेल, काल टोपी नव्हती त्याला."

सोमवार, ता. २२

मशीनचे आकडे: शनिवार बावीस, रविवार एकोणीस. तीनही कागद एकापुढे एक ठेवले. बैठक बुधवारी आहे. 

बुधवार, ता. २४

बैठक झाली. जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. कामात चोख. नऊ नंबरवर आलो तेव्हा मी उभा राहिलो. बैठकीत कोणी उभं राहत नाही. त्यामुळे सगळे दचकले.

म्हटलं, माझी टीप मागे घेतो.

शेजारच्या टेबलावरच्याला आम्ही टक्केवारी म्हणतो, कारण तो बायकोचा ताप किती उतरला हेही टक्क्यांत सांगतो. तो म्हणाला, "पण सर, ढगाळ हवेत नागरिक घराबाहेर पडणे टाळतात. तुमचंच वाक्य आहे. मला पाठ आहे."

"ते विसर," मी म्हटलं. "ते चूक आहे. बस जितकी भरते तितकी तिकिटं कमी फाटतात. कंडक्टर हलूच शकत नाही. आपण कमी तिकिटं बघतो आणि फेरी काढून टाकतो. मग पुढची बस आणखी भरते आणि तिची तिकिटं आणखी कमी. अकरा वर्षं आपण भरलेल्या बसगाड्या रिकाम्या समजून काढत आलोय. चौदा फेऱ्या आहेत. यादी जोडली आहे. त्यातल्या नऊ टिपणांवर माझी सही आहे."

एवढं सलग मी ऑफिसात कधी बोललो नसेन. टक्केवारीने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मॅडमनी कागद मागितले. "मोजणी कोणी केली?"

"पुलावर मी. शेवटच्या स्टॉपवर एका अनुभवी व्यक्तीने."

"खात्यातली?"

"घरातली. माझ्या सासूबाई. वय एकोणऐंशी."

कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कॅलेंडरचं पान पुढून बघितलं, मागून बघितलं, परत पुढून बघितलं.

"हे कडेवरचं म्हणजे काय?"

मी सांगितलं. धरलेलं नाही, हेही सांगितलं.

"आपल्या खात्यात एवढे रकाने कोणी आखत नाही," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या चौदांची यादी वाचत होत्या. मी उभाच. शेवटी म्हणाल्या, "हे तुम्ही आज सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं."

"हो."

"राग येतोय मला. तुमचा नाही. म्हणजे, तुमचाही."

"हो, मॅडम."

अकरा-चाळीसची फेरी राहणार. शनिवार-रविवार पुलाच्या स्टॉपवर एक जादा कंडक्टर खाली उभा राहून तिकिटं देईल, म्हणजे आकडे खरे येतील. चौदा फेऱ्या जिथे काढल्या तिथली पुढची बस किती भरते ते मी स्वतः जाऊन मोजायचं, हवा खराब असलेल्या शनिवार-रविवारी. सहा महिने तरी लागतील. मॅडमना ही शिक्षा वाटली असावी. मला तशी वाटली नाही.

घरी येऊन सासूबाईंना कळवलं.  त्या म्हणाल्या, "तिला सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, हो.

शनिवार, ता. ४

नवीन वेळापत्रक बुधवारी लागू झालं. आजची हवा कालच्यासारखीच.

अकरा-चाळीसने टेकडीवर गेलो. गर्दी तेवढीच, पण पुलावर खाली फक्त चारजण राहिले आणि तिकिटं सगळ्यांची फाटली. शेवटच्या स्टॉपला उतरतो तर समोर सासूबाई, कोट घालून, हातात पिशवी घेऊन उभ्या.

"काय बिघडलं?" मी घाबरलो.

"काही नाही. वरून फार मोजली. आतून कशी दिसते ते बघायचंय."

त्याच बसने उलट निघालो. त्यांना लगेच जागा मिळाली. मी समोर दांडी धरून उभा. दोन स्टॉप गेल्यावर त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, अख्ख्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "हे माझे जावई. ही बस बंद होणार होती. यांनी ठेवली."

"आई, असं नसतं सांगायचं."

"का? खोटं आहे का?"

"बंद करायला निघालो होतो तोही मीच."

"तेही सांगू का?"

लोक हसले. मागून एकजण म्हणाला, "काका, मग पंधरा नंबरचंही बघा की जरा! ती येते का नाही हेच कळत नाही." दुसरा म्हणाला, "आणि बावीस." बसमध्ये लिहिता येईना, म्हणून मी दोन्ही तोंडाने घोकत राहिलो. पंधरा, बावीस. मला चारचौघांत असं कोणी पुढे केलेलं आवडत नाही. आज दांडीवर चार हात होते, त्यातला माझा कोणता ते बघावं लागत होतं, आणि तरी मला बरं वाटत होतं. हे लिहायला विचित्र वाटतंय.

स्टॉपवरून घरी येईपर्यंत भुरभुरीचा खरा पाऊस झाला. वाऱ्याने छत्री उलटी झाली. सासूबाई गुडघ्यापर्यंत भिजल्या, कोटातूनही पाणी आत गेलं. ही गेली त्या दिवसानंतर त्या या घरात पहिल्यांदाच येत होत्या. दारात थांबल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि शिंकल्या.

कोरडे कपडे हवे होते. माझे त्यांना होणार नाहीत. मी हिच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. सहा महिने ते उघडलं नव्हतं. किल्ली कपाटालाच होती. उघडलं, वरच्या कप्प्यातला राखाडी स्वेटर आणि लोकरी मोजे काढले, आणि बंद न करताच बाहेर आलो.

सासूबाईंनी स्वेटर हातात घेतला, नाकाशी नेला.  आतल्या खोलीत जाऊन घालून आल्या. बाह्या लांब होत होत्या. मी त्या दुमडून दिल्या.

मग मी चहा टाकला. त्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. काचेवर पाऊस वाजत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अहो, परत जायला कोणकोणत्या बस आहेत?"

आजच्या, उद्याच्या आणि सोमवारच्या सगळ्या वेळा मला मिनिटासकट पाठ आहेत. त्या मीच बसवल्या आहेत.

मी म्हटलं, "बघू."